शेजारच्याचं वाक्य

"हर्षद, हा बघ," म्हणत साळवीबाईंनी पिशवीतून सुका बोंबील काढला आणि सगळ्या मुलांसमोर उभा धरला. "तू असा उभा आहेस. वाळून काडी झालेला. आपल्या नाटकात तू आत्ता होडीतून उतरलायस. ओला हो रे, ओला!"

हर्षदने आधी खांदे सोडले, मग गुडघे सोडले आणि शेवटी तो शेजारच्या, बांगडा झालेल्या मुलाच्या अंगावर सांडला. शाळेचं सभागृह हसण्यानं आणि बोंबलाच्या वासानं भरून गेलं.

"बाई, तालीम झाल्यावर त्याचं काय करायचं?" पडद्याची दोरी धरून बसलेल्या गंगाराम शिपायानं विचारलं. "माझ्या डब्यात भाकरी आहे."

"आधी पडदा वेळेवर पाड. मग बोंबील."

विंगेत बसून अक्षया सुरमईच्या शेपटीवर जुन्या सीडींचे तुकडे शिवत होती. पुण्यात एका प्रकाशनसंस्थेत ती दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची आणि चार दिवसांच्या रजेवर रत्नागिरीला आली की आईच्या हाताखाली मिशा चिकटवायची, मुकुट रंगवायची. आई, म्हणजे साळवीबाई, एकतीस वर्षं या शाळेत गाणं आणि नाटक शिकवत होती. यंदाचं नाटक तिनं स्वतःच लिहिलं होतं. हर्णेच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव चालू असतो आणि सुरमई म्हणते, मी विकली जाणार नाही.

"बाई, प्रॉम्प्टिंगला कोण बसणार?" नव्यानंच लागलेल्या गुरुप्रसाद सरांनी विचारलं.

"कुणीच नाही. प्रत्येकाला स्वतःचं पाठ आणि डावीकडच्याचं पाठ. एक अडला की शेजारचा हळूच सांगतो. आम्ही त्याला शेजारधर्म म्हणतो."

"हे कसं सुचलं?"

"ह्या माझ्या लेकीमुळे," बाईंनी विंगेकडे बोट केलं. "सातवीत होती. चार ओळींचं स्वगत. अख्ख्या शाळेचं पाठांतर घेतलं मी, आणि घरच्या पोरीचं घ्यायचं राहून गेलं. भर स्टेजवर हिला आठवेना. मी विंगेतून तीनदा सांगितलं, पण माझा आवाजच पोचला नाही. माझी चूक. तेव्हापासून ही पद्धत."

अक्षयानं मान खाली घालून सुईत दोरा ओवला. ही गोष्ट तिनं इतक्यांदा ऐकली होती, आणि दर वेळी याच ठिकाणी तिला काहीतरी बोलायचं असायचं.

त्या दिवशी तिला चारही ओळी आठवत होत्या. सकाळीच आईनं तिचा हिरवा परकर, ती महिनाभर ज्याची वाट बघत होती तो, दुसऱ्या मुलीला देऊन टाकला होता. "तू घरचीच आहेस ना, तू सांभाळून घे." म्हणून ती रंगमंचावर गेली, ओठ मिटले आणि लोक हसेपर्यंत तशीच उभी राहिली. रात्री आईनं तिला जवळ घेऊन माफी मागितली. बारा वर्षांच्या अक्षयानं ती मुकाट्यानं घेतली, आणि पुढं सव्वीस वर्षं परत केली नाही.

शनिवारी संध्याकाळी मायलेकी घरी आल्या. नाटकात लाटांचा आवाज हवा म्हणून आई सुपात नाचणी घेऊन ती इकडून तिकडे झुलवत बसली. "समुद्र वाटतो का गो?"

"पाऊस वाटतो."

"मग उद्या आरे-वारेच्या किनाऱ्यावर जाऊ. नीट ऐकून येऊ."

सकाळी आईनं चहाचं आधण ठेवलं, खुर्चीत बसली, ती उठलीच नाही. पाणी आटून पातेलं करपलं, त्या वासानं अक्षयाला जाग आली.

शाळेनं स्नेहसंमेलन जानेवारीच्या अखेरीला ढकललं. "गाणी मी बसवतो," गुरुप्रसाद सर म्हणाले, "पण नाटकाचं तुम्हीच बघा, ताई. मुलं तुम्हाला ओळखतात." अक्षयानं रजा वाढवली. वाटलं होतं तसं ते जड गेलं नाही. घरात बसण्यापेक्षा खवले शिवणं बरं होतं, आणि मुलं तिला रडू देत नसत. एक तर कुणाची तरी मिशी हरवलेली असे, नाहीतर कुणीतरी कुणाचा तरी कल्ला ओढलेला असे.

रंगीत तालमीच्या दुपारी पापलेट झालेल्या राजश्रीची शेपटी दारात अडकून उभी फाटली. राजश्रीनं भोकाड पसरलं. घाईत अक्षयानं भार्गवीची चमचमती शेपटी सोडून राजश्रीला बांधली. "भार्गवी, तू समजूतदार आहेस ना? आजचा दिवस सांभाळून घे."

भार्गवी म्हणजे सुरमई. लिलाव रंगला, बोली चढली आणि सुरमईची पाळी आली. ती पुढं आली आणि गप्प उभी राहिली.

तिच्या उजवीकडचा ओला बोंबील ओठ न हलवता पुटपुटला, "मी विकली जाणार नाही."

भार्गवी गप्प.

"अगो, मी विकली जाणार नाही!" हर्षद जरा मोठ्यानं म्हणाला.

तरी गप्प. मग बांगडा, पापलेट, तारल्यांची अख्खी रांग एका सुरात ओरडली, "मी विकली जाणार नाही!"

"मला येतंय!" भार्गवी किंचाळली. "विसरले नाय मी! मला सगळं येतंय!"

अक्षया विंगेतून बाहेर आली आणि भार्गवीसमोर गुडघे टेकून बसली. "शेपटी?"

भार्गवीनं नाक पुसलं. "विचारलंत पण नाय तुम्ही."

"चुकलं माझं. विचारायला हवं होतं." आणि हे म्हणताना अक्षयाला जाणवलं की राजश्रीचं भोकाड, हातातली सुई, दहा मिनिटांत सुरू व्हायची तालीम, यात भार्गवीला दुखवावं असं तिच्या मनातही आलं नव्हतं. आईच्याही आलं नसणार.

"असू दे गं भार्गवी," गुरुप्रसाद सर समजुतीनं म्हणाले, "ताईंचंही असंच झालं होतं लहानपणी. बाई सांगायच्या ना, त्यांना ऐन वेळी आठवलं नाही..."

"नाही," अक्षया म्हणाली.

सगळे मासे तिच्याकडे बघू लागले. ती उठून उभी राहिली. डाव्या विंगेत आई उभी राहायची. आता तिथं एकटा गंगाराम होता, दोरी धरून. तो बाजूला सरकला.

"आई," शेवटच्या रांगेत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं अक्षया म्हणाली, "मला सगळं पाठ होतं. मी रागानं गप्प राहिले. तुझा आवाज पोचला होता गं. तिन्ही वेळा पोचला होता."