धरलेलं मनगट

धानकापणी झालेल्या बांधीवरचं विरळ धुकं, पायांखाली करकरणारी धसकटं, नुकत्याच आखलेल्या मैदानाच्या रेषांच्या ओल्या चुन्याचा वास, आणि रेषेबाहेर, पाठीमागे डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून उभी असलेली उंच, किंचित वाकलेली आकृती. तुळशीराम सर मला नेहमी असे मार्गशीर्षातल्या सकाळीच आठवतात. साकोलीजवळच्या आमच्या गावात ते शाळेत खेळ शिकवत. मुलींचा फुटबॉलचा संघ त्यांनीच उभा केला. पाहणाऱ्याला वाटे, किती शांत माणूस! ते मनगट का धरतात, हे आम्हा अकरा जणींनाच ठाऊक होतं.

आरंभीचे सर असे नव्हतेच. त्यांचा आवाज बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर आपटून परत येई. आमच्या प्रत्येक पावलाआधी त्यांचा शब्द तिथे पोचलेला असे. चेंडू आमच्या पायाशी असला, तरी खेळत असत तेच. त्या ओरडण्यात धाकापेक्षा माया अधिक होती, हे आज कळतं. तेव्हा नुसते कान किटत. माझी आई धानाच्या रोवणीला जाणारी. एकदा मैदानाच्या कडेला उभी राहून तिने सारं ऐकलं आणि घरी येऊन म्हणाली, "आमी बाया बांधीत ओळीनं मांगं सरकतो, कोनी आरडते का आमच्यावर? सांग तुया सरले, पोरीइले बी डोळे हायेत." मी हसले. सरांना सांगायची छाती कुणाची होती!

मग लाखनीच्या स्पर्धेचा अंतिम सामना आला. उन्हं कलली होती, बरोबरी होती, आणि चेंडू माझ्या पायाशी होता. पुढे एकटी गोलकीपर, तिच्या उजवीकडे मोकळी जागा. आयुष्यात इतकं स्वच्छ मला क्वचितच काही दिसलं असेल. तेवढ्यात रेषेवरून आवाज आला, "मांगं दे!" मन पुढे धावत होतं, पण सवयीचे पाय वळले. माझा पास मधेच अडवला गेला आणि त्याच चेंडूवर समोरच्या मुलींनी गोल केला. आम्ही हरलो.

परतीच्या गाडीतून गावात उतरल्यावर सगळ्यांदेखत मीच धीर केला. "सर, समोर मोकळं होतं जी. मले काहून मांगं द्याले लावलं?"

"मले भेव लागलं, पोरी," ते म्हणाले. "तुले नव्हतं लागलं. दिसत होतं मले. तरी आरडलो."

मोठ्या माणसाने शाळकरी मुलीपुढे आपली भीती कबूल करावी, हे मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. राग कुठल्या कुठे गेला आणि मला रडू आलं. पुढच्या सामन्यापासून सर मनगट धरू लागले. सरावात जीव तोडून शिकवत. सामना सुरू झाला की ओठ मिटत. आम्ही पुष्कळ चुकलो, हरलोही. "सर झोपले का?" असं लोक विचारत. सामना संपल्यावर त्यांच्या मनगटावर बोटांचे लाल वळ दिसत.

आता त्याच शाळेत मी शिकवते, आणि सांगायला लाज वाटते, मीही ओरडते. गेल्या हिवाळ्यात सर आजारातून उठून, शाल पांघरून, रेषेजवळ खुर्चीवर येऊन बसले होते. मी हात उंचावून मुलींना बजावत होते. त्यांनी नुसतं माझं मनगट धरलं आणि सामना संपेपर्यंत सोडलं नाही. त्यांचा हात थंडगार होता. त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत, उन्हाळ्याआधीच गेले.

या मार्गशीर्षात रेषेजवळ ती खुर्ची नव्हती. आमच्या संघातल्या वैशालीच्या पायाशी चेंडू आला, पुढे एकटी गोलकीपर, आणि क्षणभर तिने वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या घशाशी शब्द आला होता. भीती मला वाटत होती, तिला नव्हे. मी माझं मनगट धरलं. ती वळली आणि आपल्या डोळ्यांना दिसलेल्या वाटेने निघून गेली. काळ माणसाचा आवाज हळूहळू पुसत नेतो, सरांचा आवाज मला आता नीटसा आठवतही नाही. मनगटावरची ती पकड मात्र अजून सुटलेली नाही.