पाठीवरचा डंख

ओढ्यावर गळ टाकून बसलेल्या मुंजाजीला गांधीलमाशी चावली, तीही नेमकी दोन खांद्यांच्या मधोमध. घरी येईतो पाठ टम्म फुगली.

लेक राजेश्री फोनवर म्हणाली, "आण्णा, गार पाण्याची पट्टी ठेवा अन् कपाटातलं मलम लावा."

"लावतो," म्हणून त्यानं फोन ठेवला, पण हात काही तिथवर पोचेना. वरून जाईना, खालून जाईना. हे काम बायकोचं, तानुबाईचं होतं, आणि ती पोळ्याआधीच वारली होती. उलथन्यावर मलम घेतलं तर निम्मं धोतरावर सांडलं. शेवटी त्यानं दाराच्या चौकटीलाच मलम फासलं आणि पाठ घासू लागला.

"काका, म्हशीवानी काय घासायलाव?" शेजारचा बजरंग दारातून हसला.

"तुज्या बापाचं काय जायलंय?"

बजरंगनं ट्यूब उचलली. "वळा तिकडं."

"खाली. आणखी खाली. आरं, उजवीकडं! डोळे हायत का न्हाईत?"

"नीट सांगा की."

"सांगायलोच की!" मुंजाजी खेकसला. "तुज्या काकूला कधी सांगावं लागलं न्हाई."

 मग बजरंगनं सगळ्या पाठीलाच मलम लावलं.