अनिका माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो, आणि जरा गर्विष्ठ आहे हे आधीच सांगून टाकतो. न्यू जर्सीत वेस्ट विंडसरच्या बाजूला एक गाव आहे. तिथल्या शाळा मंडळाच्या सभागृहात मी तुमच्या जन्माच्या आधीपासून नोकरीला आहे.

माझा जन्म शिकागोजवळच्या एका कारखान्यात झाला. जाळीचं डोकं, पोलादी मान आणि पोटात तांब्याची बारीक तार. मी इथे आलो तेव्हा लोकांनी माझं फार कौतुक केलं. शाळेच्या बसवरून, कँटीनमधल्या पिझ्झावरून, गृहपाठावरून माणसं माझ्यासमोर तावातावाने भांडली. मी सगळ्यांचं सारख्याच मानाने ऐकलं. पुढे सडपातळ, बिनतारी माईक आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथे धूळ खात पडलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

गेल्या हिवाळ्यात मात्र एका सभेला त्या नव्या मंडळींनी ऐन वेळी मान टाकली. आवाजाची यंत्रं सांभाळणाऱ्या अतुलने मला बाहेर काढलं, पुसलं आणि उभं केलं.

त्या संध्याकाळी सभागृह खचाखच भरलं होतं. दुसऱ्या महायुद्धात साठ लाख ज्यू माणसांना मारलं गेलं. त्यांच्या स्मरणाचा दिवस दरवर्षी प्रत्येक शाळेने पाळावा आणि ज्यूंचा द्वेष कसा सुरू होतो, तो कसा थांबवायचा हे वर्गात नीट शिकवावं, असा ठराव होता. राज्याच्या कायद्याने धडा होताच, पण आमच्या गावात तो परीक्षेच्या तोंडावर कसाबसा उरकला जाई.

आधी राजेश बोलायला आला. तो इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष. माणूस दिलदार, पण बोलायला लागला की आवरत नाही. मुलांवर आधीच अभ्यासाचं ओझं आहे, दिवाळीच्या सुट्टीसाठी आम्ही किती वर्षं मागे लागलोय, आणि हा विषय तर युरोपातल्या लोकांचा आहे, असं तो म्हणाला. शेवटी त्याने ठासून सांगितलं की सगळ्या मराठी कुटुंबांच्या वतीने आपला ठरावाला विरोध आहे. टाळ्याही पडल्या.

मग रत्ना नवगावकर आपल्या मुलीला, अनिकाला, घेऊन पुढे आली. राजेशला वाटलं, आपल्याच बाजूने बोलायला आली. मंडळाच्या नाटकात काम करणारी, दिवाळीला त्याच्या घरी चकल्या घेऊन जाणारी रत्ना! आडनावाच्या शेवटी 'कर' दिसलं की आपलं माणूस. पुढची चौकशी कोण करतं?

अनिका माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने वळून आईकडे पाहिलं. आई हळूच म्हणाली, "तू बोल. मी इथेच आहे."

अनिकाने ओठ माझ्याजवळ आणले आणि दातांतून लांबलचक 'स्स्स' असा आवाज काढला. मीच खरखरतोय असं वाटून अतुल धावला.

"माईक बिघडलेला नाही," अनिका इंग्रजीत म्हणाली. "हा गॅसचा आवाज आहे. महायुद्धातल्या छळछावण्यांमध्ये आमच्या लोकांना गॅसने मारलं. मी ज्यू आहे हे कळल्यापासून मी वर्गात शिरले की काही मुलं असा आवाज काढतात."

रत्ना पुढे झाली. "माझे पूर्वज जहाज फुटून कोकणात नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं आम्ही ऐकत आलोय. ते घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. गावाने त्यांना कधी भीती घातली नाही. या शाळेत काही बदलणार नसेल, तर मी मुलीला इथून काढणार आहे."

राजेश पुन्हा उठला. एकाला एकदाच बोलायचा नियम, पण शाळा मंडळाच्या अध्यक्षबाईंनी त्याला येऊ दिलं.

"मी सगळ्या मराठी कुटुंबांच्या नावाने बोललो," तो म्हणाला. "माझ्या घरी फराळाला येणाऱ्या कुटुंबाला मी विचारलं नव्हतं. माझा मुलगा कुश अनिकाच्याच वर्गात आहे. त्याने हा आवाज ऐकला असणार. मी विरोध मागे घेतो."

ठराव मंजूर झाला. अतुल मला बंद करायला विसरला, म्हणून पुढचं बोलणंही सगळ्यांनी ऐकलं.

"वहिनी, इतकी वर्षं मी कधी विचारलंच नाही," राजेश म्हणाला.

"मग आता विचारा ना. फ्रायडेला सगळे जेवायला या, संध्याकाळपासून आमचा शब्बाथ, तो शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो."

वसंतात पहिला स्मरणदिन झाला तेव्हा मलाच शाळेत नेलं. अनिका आता त्याच शाळेत राहणार होती. तिने न अडखळता नवगावची गोष्ट सांगितली. त्या दिवशी माझी छाती अभिमानाने भरून आली. छाती नाही मला, पण तुम्ही समजून घ्या.

पुढे एकदा मागच्या बाकावरून तो आवाज पुन्हा आला म्हणे. या वेळी कुश उठला आणि वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाला, "स्टॉप इट." मग तो अनिकाच्या शेजारी जाऊन बसला.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, कपाटात टाकू नका, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठं मागणं आहे. कायदा धडा ठरवतो, ठराव दिवस ठरवतो. तुमच्या वर्गात कुणाला असं छळलं जात असेल तर उठून मोठ्याने बोला. त्याला माईक लागत नाही.