पन्नासावा होम रन

मी चेंडू बोलतोय. क्रिकेटचा नव्हे. तो लाल, तोऱ्यात वावरणारा, ज्याच्यावर तुम्ही लोकांनी जीव ओवाळून टाकलाय, तो माझा लांबचा नातलगसुद्धा नाही. मी बेसबॉलचा. पांढरा, म्हणजे एके काळी पांढरा होतो, आता चहात बुडवलेल्या मारी बिस्किटाचा रंग आलाय. मिल्टन कीन्समधल्या एका मैदानाच्या पॅव्हेलियनमध्ये, चहाच्या खोलीत, काचेच्या पेटीत मी बसून असतो. माझ्यापुढे एक कार्ड आहे आणि त्या कार्डावर लिहिलंय ते खोटं आहे.

म्हणून बोलावं लागतंय. एरवी आम्हाला मार खायची सवय, गाऱ्हाणी सांगायची नाही.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यातला. पोटात बुचाचा गोळा, त्यावर रबर, त्यावर शेकडो हात लोकरीचा धागा, आणि वर कातड्याचे दोन तुकडे. ते तुकडे एका बाईने लाल दोऱ्याने एकशे आठ टाके घालून शिवले. मला शिवताना ती शेजारणीशी गप्पा मारत होती, त्यामुळे एक टाका जरा ढिला राहिला. मग डझनाच्या खोक्यात बसून मी समुद्र ओलांडला.

इंग्लंडमध्ये बेसबॉल खेळतात हे इंग्लंडमध्येच फारसं कोणाला माहीत नाही. आमच्या लीगमध्ये सहा क्लब. रविवारी दुपारी कुठल्या तरी सार्वजनिक मैदानावर, कुत्री फिरवणाऱ्यांना 'सॉरी, सॉरी' म्हणत खेळायचं. स्टेडियम नाही की भिंत नाही. मैदान संपतं तिथे झुडपांचं कुंपण. खेळातली एकच गोष्ट सांगतो, बाकीची नाही कळली तरी बिघडत नाही. बॅट घेतलेल्या माणसाच्या पायापाशी दोन पांढऱ्या रेषा सुरू होतात आणि पसरत पसरत कुंपणापर्यंत जातात. रेषा कुंपणाला भिडते तिथे एकेक झेंडा. दोन झेंड्यांच्या मधून चेंडू कुंपणावरून गेला की होम रन, मग पलीकडे तो कुठे का पडेना. आतला तो फेअर, झेंड्याच्या बाहेरून गेला की फाउल. म्हणजे मेहनत फुकट.

आता अंपायर एकटा, आणि कुंपण शंभर यार्डांवर. म्हणून या लीगची एक जुनी रीत आहे. चेंडू नीट दिसला नाही तर कुंपणाजवळ जो कोणी असेल त्याला विचारायचं. तो कुठल्याही टीमचा असो, त्याचा शब्द शेवटचा. मागाहून कुरकुर करायची नाही. इतकी वर्षं ही रीत चालली, कारण इतकी वर्षं कोणी ती मोडली नव्हती.

शशी साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात डॉक्टर. ऑपरेशनच्या आधी लोकांना भूल देतो. मूळचा पुण्याचा, पण दोन वर्षं अमेरिकेत शिकायला होता, तिथे त्याला हा नाद लागला. इथे तो साउथहॅम्प्टनच्या डॉकर्स टीमचा भक्त. रवी मिल्टन कीन्सचा, आयटीतला. त्याचा नाद शिकागोच्या प्रोजेक्टवरचा, आणि त्याची टीम हेरन्स. एका मॅचला रवीने अंपायरला अस्सल मराठीत शिवी हासडली आणि समोरच्या बाकावरचा शशी खो खो हसत सुटला. अख्ख्या मैदानात ती शिवी कळलेला तो एकटाच. त्या दिवसापासून दोघांचं मेतकूट जमलं. टीमवरून मात्र एकमेकांना टोमणे मारल्याशिवाय त्यांचा रविवार जायचा नाही.

हेरन्सचा हिरो म्हणजे डेस. आठवडाभर कौन्सिलची कचऱ्याची लॉरी चालवायचा आणि रविवारी चेंडू कुंपणापलीकडे पाठवायचा. रवीच्या गळ्यातला ताईतच. डेस बॅट घेऊन आला की रवी उभा राहायचा, आणि डेस परत जाईपर्यंत बसायचा नाही.

अकरा वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरातली गोष्ट. सीझनची शेवटची मॅच, याच मैदानावर, डॉकर्स विरुद्ध हेरन्स, जिंकेल तो चॅम्पियन. शेवटचा डाव, डॉकर्स एका रनने पुढे, हेरन्सचा एक भिडू बेसवर, म्हणजे होम रन लागला की दोन रन आणि मॅच हेरन्सची. डेस आला. त्याचे तोवर एकोणपन्नास होम रन झाले होते. आणि मी खोक्यातून नुकताच बाहेर पडलेला, कोरा करकरीत.

शशी त्या वेळी कुंपणापलीकडे होता. हॉस्पिटलचा फोन आला म्हणून रेडवेवर, तिथल्या लाल डांबराच्या सायकलवाटेवर, येरझारा घालत बोलत होता. फोन खिशात टाकून त्याने मान वर केली आणि मी येताना त्याला दिसलो.

डेसने मला असा हाणला की पोटातल्या बुचापर्यंत झिणझिण्या गेल्या. मार खाऊन आनंद झाला तो आयुष्यात तेवढा एकदाच. मी वर गेलो, बाकं खाली गेली, रवीचं ओरडणं खाली गेलं. कुंपण ओलांडताना झेंडा माझ्या डावीकडे चांगला दोन हात लांब होता. मी आत होतो. पुढे एका जाड झाडाच्या बुंध्यावर आपटलो, तिरका उडालो आणि झेंड्याच्या बाहेरच्या बाजूला खाजऱ्या नेटल्सच्या झुडपात जाऊन पडलो.

शशीने हे सगळं पाहिलं. अगदी सगळं.

मैदानातून अंपायर ओरडला, "कुठे आहे बॉल?"

शशीने नेटल्समध्ये हात घालून मला उचललं. हाताची आग आग झाली असणार, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तीन-चार सेकंद तो नुसता उभा राहिला. मग तिथूनच, झेंड्याच्या बाहेरून, मला धरलेला हात त्याने उंच केला.

"इथे!"

एवढंच. खोटं तो बोललाच नाही. विचारलं त्याचं उत्तर दिलं. झाडाचं कोणी विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही.

"फाउल!" अंपायर म्हणाला. डेस अर्ध्या वाटेवर थांबला, कुंपणाकडे बघून त्याने मान डोलावली आणि परत फिरला. पुढच्या तीन चेंडूंत आउट, मॅच संपली. डॉकर्सनी नाच केला, डॉक्टरला खांद्यावर घेतलं. मी त्याच्या कोटाच्या खिशात होतो. माझ्याभोवती त्याची मूठ होती आणि ती गार पडली होती.

मला वाटतं, त्याने मनाशी हिशेब केला असावा की पुढच्या वर्षी डेस आणखी दहा मारेल, कोणाला आठवणारही नाही. पण त्याच हिवाळ्यात डेसचा गुडघा गेला. तो पुन्हा खेळला नाही. एकोणपन्नासचे पन्नास झालेच नाहीत.

आता हॉल ऑफ फेमचं सांगतो. नाव मोठं, पण आमच्या लीगचा हॉल ऑफ फेम म्हणजे या चहाच्या खोलीतली ओकची एक पाटी, तिच्यावर सोनेरी अक्षरांत नावं. खेळ सोडून पाच वर्षं झाली की नाव विचारात येतं. दर क्लबचे दोन अशा बारा जुन्या चाहत्यांची पंचायत जानेवारीत बसते, हात वर करून मत देते, आणि नऊ हात लागतात. फटकेबाजाला पन्नास होम रन हवेत असं कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे तसंच धरून चालतात. हेरन्सकडून रवी त्या पंचायतीत होता आणि डॉकर्सकडून शशी.

पाच जानेवाऱ्या डेसला आठ हात मिळाले. नववा शशीचा हवा होता, तो वर गेलाच नाही.

मी साउथहॅम्प्टनला, शशीच्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये होतो. जुने पासपोर्ट, सेलोटेप आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या संगतीत. तिथून मी फोनवरची सगळी भांडणं ऐकली. शशी स्पीकर लावून कणीक मळायचा, त्यामुळे दोन्ही बाजू ऐकू यायच्या.

"अरे, त्याचा ॲव्हरेज बघ," रवी म्हणायचा. "सोळा सीझन्स! त्याच्यामुळे लोक मॅचला यायला लागले. तुमच्या टीममध्ये आहे का एक तरी असा?"

"रवी, हॉल ऑफ फेम म्हणजे लाँग सर्व्हिस अवॉर्ड नाहीये. पन्नास म्हणजे पन्नास. कुठेतरी लाइन ड्रॉ करायला लागते ना?"

"तो पन्नासावा फेअर होता. मी बॅटचा आवाज ऐकला. फाउलचा आवाज वेगळा असतो."

"मी तिथे होतो. तू नव्हतास."

दर वेळी रवी इथेच माघार घ्यायचा, कारण रीतच तशी होती. फोन बंद झाल्यावर शशी कणीक नको इतकी तिंबत राहायचा. मी ड्रॉवरमध्ये चरफडायचो. एक गोष्ट मात्र मला तिथे कळली. ज्याचं आपण काही हिरावून घेतलंय, तो त्या लायकीचाच नव्हता असं ठरवलं की माणसाला बरं वाटतं. मग ते वर्षानुवर्षं ठरवत राहावं लागतं.

पाचव्या जानेवारीनंतर रवी भडकला. "तुझं डेसशी काय वाकडं आहे, एकदा सांगून टाक," म्हणाला आणि फोन ठेवला. नंतर आठ महिने बोलणं बंद. दर दिवाळीला रवीच्या बायकोचा, मंजिरीचा, चकल्यांचा डबा पोस्टाने यायचा, तो यंदा येणार नाही हे घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं.

आणि अशात डेसचाच फोन आला. तो रिटायर झाला होता, बायकोला घेऊन साउथहॅम्प्टनहून क्रूझवर निघाला होता, आणि बंदरावर गाडी ठेवण्यापेक्षा शशीच्या ड्राइव्हवेमध्ये ठेवली तर चालेल का, असं विचारत होता. शशीला तो डॉक म्हणायचा. शशी नाही म्हणू शकला नाही.

डेस आला, किल्ली टेबलावर ठेवली, लंगडत खुर्चीत बसला. शशीच्या बायकोने, सुमेधाने, पोहे केले होते. त्याने दोनदा मागून घेतले. माझ्यापासून तो हातभर अंतरावर होता. तो बोलला इंग्रजीत, मी आपल्या भाषेत सांगतो.

"डॉक, रवीशी भांडू नकोस. तो पठ्ठ्या माझ्यापायी वेडा झालाय. खरं सांगू? मलाही तो बॉल आत वाटला होता. पण तू म्हणालास बाहेर, तर बाहेर. तिथे दुसरं कोणी असतं ना, तर मी आयुष्यभर शंका घेत बसलो असतो. तू होतास म्हणून निवांत झोपलो."

शशी उठला आणि सिंकपाशी जाऊन नळ सोडला. धुवायला काही नव्हतं.

डेस गेल्यावर सुमेधाने विचारलं, "शशी, काय झालं रे?" ड्रॉवर उघडून त्याने मला बाहेर काढलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, सुटलो.

या जानेवारीत तो मला कोटाच्या खिशात घालून मिल्टन कीन्सला आला. गाडीत एकटाच मोठ्याने घोकत होता, "मला एक सांगायचंय. बॉल आधी झाडावर आपटला." चाळीस-पन्नास वेळा म्हणाला असेल. राउंडअबाउटला चुकीच्या फाट्याला वळला, पुन्हा फिरून आला, तरी घोकणं चालूच. मला त्याचा अभिमान वाटायला लागला होता.

पंचायत बसली. डेसचं नाव निघालं. आठ हात वर गेले. शशी उभा राहिला, तोंड उघडलं, सगळे त्याच्याकडे बघायला लागले. आणि त्याने बोलायच्या ऐवजी हात वर केला.

नऊ!

टेबलं बडवली गेली. रवी धावत आला, त्याने शशीला मिठी मारली, आणि पन्नाशी उलटलेला तो माणूस सगळ्यांसमोर रडला. "शशी, मोठं मन लागतं रे याला. अपोनंट असून तू... मी काय काय बोललो तुला!" आता त्या मिठीतून खरं कसं बाहेर काढायचं? शशीने ते गिळलं. मला ते खिशातून कळलं. त्याची मूठ माझ्यावर घट्ट झाली आणि मग सैल पडली.

संध्याकाळी डेसला बोलावलं. डेस म्हणाला, पाटीखालच्या पेटीत ठेवायला माझी एखादी जुनी वस्तू असती तर बरं होतं. तेव्हा शशीने मला काढून त्याच्या हातात दिलं. "त्या मॅचचा," एवढंच म्हणाला. डेसने मला अंगठ्याने चोळलं, खदखदा हसला, आणि माझ्यासाठी स्वतःच्या हाताने कार्ड लिहिलं: 'माझा न झालेला पन्नासावा. फाउल, एका फुटाने.'

तेव्हापासून मी इथे. ज्याने मला आतून पाठवलं, त्याच्याच अक्षरात मी बाहेरचा ठरलोय.

वाद अजून होतात, माझ्यासमोरच होतात. परवाच्या रविवारी मालविका नावाची मुलगी आली होती. डॉकर्सवाली, इथेच जन्मलेली, मराठी मोडकंतोडकं. पाटी वाचून तिने रवीला विचारलं, "काका, फक्त फोर्टी-नाइन? मग हॉल ऑफ फेममध्ये कशी काय? हा बॉल फेअर होती का?"

मी कान टवकारले. रवी आता नेहमीचं भांडण सुरू करणार, बॅटचा आवाज सांगणार. त्या एका माणसाने काही न पाहता खरं ओळखलं होतं आणि इतकी वर्षं एकट्याने लावून धरलं होतं. शेजारीच शशी चहाचा कप घेऊन उभा होता.

"नाही गं," रवी म्हणाला. "फाउलच होता. मी उगाच भांडत बसलो. हा शशी तिथे उभा होता ना. याचा शब्द म्हणजे शब्द." आणि त्याने शशीच्या पाठीवर थाप मारली.

शशीने कप खाली ठेवला. "निघतो रे, ट्रॅफिक लागेल," म्हणाला आणि माझ्याकडे न बघता गेला.

शशी, तू ऐकत असशील तर ऐक. तुझ्यावर माझा राग होता, पण आता तुझी कीव जास्त येते. या पेटीला कुलूप नाही. डेस अजून चालता-बोलता आहे, दर रविवारी येतो. त्याला सांगायचा धीर होत नसेल, तर राहू दे. तो एकोणपन्नासात सुखी आहे. पण रवीला सांग. एवढंच सांग की तो बरोबर होता.