योकोहामाची पेटी

जपानमधल्या मराठी मंडळाची निवडणूक टोकियोच्या निशी-कसाईत होती. योकोहामाची मतपेटी यतीनने आणली, पण त्याची सचिवपदाची मुदत आदल्याच दिवशी संपली होती. "मतं बाद करा!" ज्योत्स्नाताईंच्या गोटातून गलका उठला, कारण योकोहामा त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या अंबरीषच्या बाजूचं.

निर्णय निवडणूक अधिकारी मैथिलीचा. क्योतोत ती न्यूयॉर्कच्या १७९२ सालच्या गव्हर्नर-निवडणुकीवर पीएचडी करत होती. तिने सांगितलं, "तिथे मतपेटी पाठवणाऱ्या शेरीफची मुदत संपली म्हणून एका परगण्याची मतं मोजलीच नाहीत. निवडून आलेल्याला विरोधक खुर्चीचोर म्हणू लागले."

ज्योत्स्नाताई उठल्या. "उघड गं पेटी! मला रोज तोझाई लाइनच्या मेट्रोत हीच तोंडं बघायचीत."

मैथिलीचा जीव भांड्यात पडला. सगळ्यांत मोठ्याने ओरडणाऱ्यानेच पेटीचं सील कापायला कात्री आणून दिली.