मागे बघणारा दिवा

मित्रांनो, सायकलच्या सीटखाली दांडीला रबराने बांधलेला अंगठ्याएवढा लाल दिवा तुम्ही कधी नीट पाहिला आहे का? नसेलच. मी तोच आहे, आणि आता चांगलाच जुना झालो आहे. माझ्या काचेवर ओरखडे आहेत, रबर सैल पडले आहे आणि बटण दोनदा दाबल्याशिवाय मी पेटत नाही. माझे तोंड कायम मागे. सायकल चालवणाऱ्याला पुढचे दिसते, मला मागचे. त्यामुळे माझ्या मालकिणीने जे कधी पाहिले नाही ते सगळे मला पाहावे लागले. त्यातले काही आठवले की आजही मला तोंड कुठे लपवावे ते कळत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबच लांब टेबल होते आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका बसल्या होत्या. एकीने माझ्या पोटात तार बसवली, दुसरीने काच दाबली. शेवटच्या टोकाला बसलेली बाई प्रत्येकाचे बटण दाबून बघायची. जो पेटेल तो खोक्यात, जो पेटणार नाही तो टोपलीत. माझी पाळी आली तेव्हा माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. मी पेटलो! "अगं, हा बघ कसा डोळे मिचकावतोय," ती शेजारणीला म्हणाली. आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी.

पुढे सायकलच्या दुकानात मी आणि माझा एक जुळा भाऊ एकाच खिळ्याला लटकत होतो. दोन बहिणी आल्या. थोरली मुलांना पोहायला शिकवायची. तिचा आवाज असा खणखणीत, की तलावाच्या त्या टोकाचा पोरगाही दचकावा. धाकटी एका कचेरीत दिवसभर पडद्यासमोर बसायची. घरीदारी थोरलीला सगळे ताई म्हणत आणि धाकटीला धाकटीच. ताईने आम्हा दोघांनाही विकत घेतले. भाऊ तिच्या सायकलला लागला, मी धाकटीच्या.

"मला कशाला हवा? मला अंधारात पण नीट दिसतं," धाकटी म्हणाली.

"शहाणे, हा तुझ्यासाठी नाहीये. तुझ्या मागून येणाऱ्यासाठी आहे," ताई म्हणाली आणि तिने मला घट्ट बांधले.

दर रविवारी सकाळी दहा-बारा जण गोदामांच्या मागच्या चौकात जमत. त्यांचे पुढारी होते पंपवाले काका. रस्त्यात कुणाचीही हवा गेली तर अडायला नको म्हणून ते पाठीला भलामोठा पंप बांधून हिंडायचे, आणि म्हणून त्यांचे ते नाव. काकांचे नियम मोजकेच, पण कडक. पहिल्याला खड्डा दिसला की त्याने हात खाली करून दाखवायचा आणि "खड्डा!" म्हणून ओरडायचे. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, असे करत तो हात आणि तो शब्द शेवटच्यापर्यंत पोचवायचा. कारण चाकाला चाक लावून चालणाऱ्याला समोरचा रस्ता दिसतच नाही, त्याला दिसते फक्त पुढच्याची पाठ. दुसरा नियम असा, की ज्याच्या पायात सगळ्यात जास्त जोर, त्याने सगळ्यात मागे राहायचे. कुणी दमले, कुणाचे पंक्चर झाले, तर त्याच्याजवळ थांबायला कुणी तरी दमदार नको का? त्या जागेला सगळे गमतीने शेपूट म्हणत.

कित्येक वर्षे ते शेपूट ताई होती आणि तिच्या पुढे धाकटी. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे कायम ताईचा चेहरा. घामाने निथळलेला, हसरा, मधूनच धाकटीवर ओरडणारा. "अगं, कोपरं सैल सोड! लाकडासारखी काय बसलीयेस!" मित्रांनो, तेव्हा मला वाटायचे, आपल्यासारखा सुखी आपणच.

मग ताई आजारी पडली. पोटाचे मोठे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी सायकलचे नावही काढायचे नाही म्हणून बजावले. ताईशिवाय धाकटीला रविवारी जावेसे वाटेना. तिने एक ट्रेनर आणला. ट्रेनर म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायचे यंत्र. धाकटीच्या घराच्या मागच्या खोलीत कपडे धुण्याच्या मशीनपुढे ते मांडले गेले. मागचे चाक त्यात घट्ट अडकवले, पुढे पंखा ठेवला, पंख्याच्या वर पडदा. पडद्यावर रंगवलेले डोंगर आणि आकडे. कुठल्या कुठल्या देशांतली अनोळखी माणसे तिला त्यात अंगठा दाखवून शाबासकी द्यायची.

आणि मी? मी मशीनकडे तोंड करून बसलो. समोर साबणाची बादली आणि दोरीवर वाळत घातलेले मोजे. माझे बटण कुणी दाबेना, मला कुणी पुसेना. धाकटीच्या घामाचे थेंब माझ्यावर पडून वाळत आणि त्यांचा पांढरा थर चढे. मागून कुणी येतच नसेल तर दिव्याने करायचे तरी काय?

ताईचे यजमान, म्हणजे धाकटीचे भावोजी, एकदा डबा घेऊन आले. दारात उभे राहून त्यांनी तो घरघराट थोडा वेळ पाहिला.

"काय गं, एवढं मारतेस पायडल, पण पोचतेस कुठे?"

"भावोजी, तुम्हाला नाही कळायचं. आकडा बघा माझा!" धाकटी मान न वळवता म्हणाली.

आकडा खरेच वाढत होता. तिच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. पण त्या खोलीत तिला वाईट सवयी लागल्या, आणि त्या मी जवळून पाहिल्या. तिथे खड्डे नव्हते, म्हणून हात खाली यायचा थांबला. तिथे कुणी सोबत नव्हते, म्हणून बोलणे थांबले. नजर नाकापुढच्या आकड्यावर खिळली ती खिळलीच.

ताई बरी झाली. डॉक्टरांनी हळूहळू चालवायला परवानगी दिली, आणि एका रविवारी आम्ही सगळे पुन्हा त्या चौकात जमलो. ताई वाळली होती. तो खणखणीत आवाज तर पार बसला होता. तरी तिला बघून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निघण्याआधी तिनेच माझे बटण दाबले.

"धाकटे, आज शेपूट तू," काका म्हणाले. "ताईच्या मागे राहा."

धाकटीचा चेहरा पडला. "मागे? काका, मी घरी किती तयारी केलीये, तुम्हाला माहितीये का?"

"म्हणून तर मागे!"

कालव्यापर्यंत ती मागे राहिली, पण नुसती धुसफुसत. पाणी प्यायला सगळे थांबले तेव्हा मात्र तिला राहवेना. "काका, पुलापर्यंत मी पुढे होते. जरा पाय मोकळे करते." काका काही बोलायच्या आत बुटांच्या तळाच्या खुंट्या पायडलमध्ये खट्खट् अडकल्या आणि ती निघालीसुद्धा. ताई हसली. "थांब, मी तुझ्याच मागे येते. मला तुझी पाठ बघून चालवायची सवय आहे," असे म्हणत ती माझ्यासमोर आली.

मित्रांनो, पुढचे सांगताना माझी जीभ अडखळते.

धाकटीने वेग वाढवला. ताईने दात आवळले, पण तिच्या चाकाची पाठ सोडली नाही. बाकीचे मागे पडले आणि दोघीच उरल्या. ताईचे डोळे माझ्यावर खिळले होते. तिचा श्वास फुलला, चेहरा आधी लाल आणि मग पांढराफटक झाला. "अगं, हळू!" ती म्हणाली. तिचा जुना आवाज असता तर कालव्यापलीकडेही ऐकू गेला असता. पण तो बसका आवाज वाऱ्यात विरला. मी जिवाच्या आकांताने लुकलुकत होतो. पण माझे लुकलुकणे म्हणजे ताईला 'ये, ये, मी इथे आहे' एवढेच सांगणे! तिला 'थांब' कसे म्हणावे हे मला कुणी शिकवलेच नव्हते.

तेवढ्यात खड्डा आला. धाकटीला तो दिसला. तिने हँडलला हलकासा झटका दिला आणि बाजूने गेली. हात खाली आला नाही. तोंडातून ब्र निघाला नाही.

माझ्यासमोर ताईचे पुढचे चाक खड्ड्यात गेले आणि ताई हँडलवरून पलीकडे पडली. मला सगळे दिसले. ती पडलेली दिसली, तिची सायकल तिच्या पायांवर आडवी झालेली दिसली, आणि मग ते सगळे लहान लहान होत गेले, कारण धाकटी थांबलीच नाही. वळण आले आणि मागे उरला रिकामा रस्ता.

पुलावर पोचल्यावर धाकटीने मागे वळून पाहिले. कुणीच नाही! ती हुरळून गेली. तिने खिशातून मोबाईल काढला, त्या रिकाम्या रस्त्याचा फोटो काढला आणि सगळ्यांना पाठवून दिला. खाली लिहिले, "कुठे राहिलात मंडळी?"

तिकडे ताईच्या कोपरातून रक्त वाहत होते आणि काकांच्या खिशात तो फोटो वाजत होता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

काकांचा फोन आला आणि ती धावत परत आली. ताई रस्त्याच्या कडेला खांदा धरून बसली होती. खांद्याचे हाड मोडले होते.

"ताई, अगं खड्डा दिसला नाही का तुला?" धाकटी म्हणाली.

"मी तुझ्याकडे बघत होते गं."

काकांनी धाकटीकडे पाहिले. "हात दाखवलास?"

सगळे तिच्याकडे बघत होते. धाकटी म्हणाली, "दाखवला होता."

"दाखवला असेल," ताई म्हणाली. "माझंच लक्ष नसेल."

खोटे ती बोलली आणि लाज मला वाटली. मला वाटले, त्या बाईने कारखान्यात मला टोपलीत टाकले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर सायकल पुन्हा ट्रेनरवर चढली, पण धाकटी बसली की चार पायडल मारायची आणि थांबायची. पडद्यावर अंगठे यायचे. ती पडदा बंद करायची.

एका दुपारी भावोजी ताईची सायकल ढकलत त्या मागच्या खोलीत आले. मागून ताई, हात गळ्यात बांधलेला. भावोजींनी धाकटीची नेहमीसारखी थट्टा केली नाही.

"ही तुझ्याकडे ठेव," ताई म्हणाली. "नाहीतर कुणाला तरी देऊन टाक. माझं आता वय झालं गं. तू हात दाखवलास आणि मला समोरचा हात दिसू नये? उद्या पोरं पाण्यात असताना माझं लक्ष असं उडालं तर? मी तलावावर पण कळवलंय की आता शिकवायला येणार नाही."

माझा जुळा भाऊ माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभा राहिला. धाकटीचा चेहरा कागदासारखा झाला. ती खाली बादलीपाशी बसली.

"ताई, मी हात दाखवलाच नव्हता."

"काय?"

"दाखवला नाही. ओरडले पण नाही. मला आठवलंच नाही की तू मागे आहेस. आणि काकांनी विचारलं तेव्हा... सगळे बघत होते गं. खोटं बोलले मी."

 मग ताईच्या घशातून तो जुना आवाज असा काही निघाला, की दोरीवरचे मोजेसुद्धा हलले असतील.

"भवाने! अगं, मी डोळे तपासून आले! तो डॉक्टर म्हणतो, बाई, तुमचे डोळे ठणठणीत आहेत, आणि मी त्याच्याशी भांडले! रोज रात्री पडून विचार करतेय की माझ्या डोक्यात काय बिघडलंय!" ती रागाने थरथरत होती, आणि मग रडायलाच लागली. धाकटीही रडली. भावोजी खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

"काकांना फोन लाव," ताई डोळे पुसत म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर."

धाकटीने फोन लावला. सगळे सांगितले, काही न वगळता, त्या फोटोबद्दलही. 

"मला माहीत होतं. चूक झाली त्याचा राग नाही मला, तू बहिणीवर ढकललीस त्याचा आहे," काका म्हणाले. "रविवारी ये. शेपटाला. मी सांगेपर्यंत तिथून हलायचं नाही."

ताईची सायकल त्याच दुपारी परत गेली. ती जाताना भावोजींनी माझ्यावरचा पांढरा थर बोटाने खरवडला आणि ते म्हणाले, "निदान या बिचाऱ्याला तरी पूस."

धाकटीने मला पुसले. मित्रांनो, तुमच्याकडे असा एखादा दिवा असेल तर त्यालाही अधूनमधून पुसत जा. पण नुसता दिवा लावून मोकळे होऊ नका. आपल्या भरवशावर मागे कोण चालले आहे ते एकदा मान वळवून बघत जा. ते काम माझ्यासारख्या दिव्याला जमत नाही. मला दिसते, पण सांगता येत नाही.

ताईचा खांदा जुळून आला. ती पुन्हा तलावावर जाऊ लागली आणि पुन्हा रविवारीही येऊ लागली. काल आम्ही कालव्याच्या रस्त्याने गेलो. पुढे काका, मध्ये सगळे, मग ताई, आणि सगळ्यांच्या मागे धाकटी. माझ्यासमोर पुन्हा रिकामा रस्ता होता. त्या दिवशी होता तसाच.

मग पुढून काकांचा आवाज आला, "खड्डा!" तो एकेका तोंडातून मागे येत गेला. ताईचा हात खाली आला, "खड्डा!" आता धाकटीच्या मागे कुणीच नव्हते. चिटपाखरूही नाही.

तरी तिचा हात हँडलवरून सुटला आणि माझ्या तोंडासमोर खाली आला. "खड्डा!" ती त्या रिकाम्या रस्त्याला मोठ्याने म्हणाली.