सातवं पान

विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं आणि मोठी बॅग काही केल्या बंद होत नव्हती. थोरल्या जाऊबाई बॅगेवर बसल्या, धाकट्या दिरांनी चेन ओढली आणि सासूबाई दारातून हुकूम सोडत राहिल्या, "स्वेटर वर ठेवा गं! पोरगी येताना विमानात गारठेल."

धाकटी सून यादीवर खुणा करत होती. सकाळपासून दत्तकाचं काम बघणाऱ्या मध्यस्थाचे चार फोन येऊन गेले होते. फोटोमागची भिंत पांढरी नाही, पुन्हा काढा. नोकरीचा दाखला जुना झाला, नवा आणा. ती दातांच्या दवाखान्यात कवळ्या घडवायची. डॉक्टरांकडून उभ्याउभ्या दाखला घेऊन ती घरी आली, तेव्हा तिला आनंद व्हायला हवा होता. पण काहीच होत नव्हतं.

आठ वर्षं तपासण्या झाल्या, औषधं झाली. नात्यात कुणाचं तान्हं बाळ तिने उचललं, की कुणीतरी गोड बोलून ते तिच्या हातातून काढून न्यायचं. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या धाकटीचं नशीबच अपुरं." ऐकून ऐकून हिरडीला भूल द्यावी तसं तिचं आतलं सगळं बधिर झालं होतं.

मुलगी चार वर्षांची होती, परदेशातल्या एका अनाथालयातली. घरात सगळे फोटोवरूनच तिला ठमी म्हणू लागले होते. आईवडील नाहीत, असं फाइलच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं.

दुपारी कागदपत्रांचं भाषांतर करणाऱ्या बाईंचा फोन आला. "तुम्ही स्वतः या. फोनवर सांगण्यासारखं नाही."

झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बाई चष्मा पुसत बसल्या होत्या. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "मला सहाच पानं करायला सांगितली होती. हे सातवं चुकून आलेलं दिसतंय. खाली अंगठा आहे."

"कुणाचा?"

"मुलीच्या आईचा." बाई वाचू लागल्या. "'मला दुसऱ्या गावी काम मिळालं आहे. तिथे मूल ठेवू देत नाहीत. म्हणून मुलीला इथे सांभाळायला ठेवते. दर रविवारी भेटायला येईन. राहायला जागा मिळाली की तिला घेऊन जाईन. तिला अंधाराची भीती वाटते, दिवा ठेवावा.'"

तिने पुन्हा वाचायला सांगितलं. मग तिथूनच मध्यस्थाला फोन लावला.

"ताई, असले कागद बऱ्याच फाइलींत असतात," तो हसत म्हणाला. "नंतर त्या बाईने मुलीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर अंगठा दिलाय."

"काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवलं होतं?"

"आता ते कसं सांगणार?"

"ती अजून येते?"

"फाटकापर्यंत येते. आत सोडत नाहीत. तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? उद्याचं विमान चुकवू नका म्हणजे झालं."

घरी येऊन तिने सगळ्यांसमोर तो कागद ठेवला आणि त्यात काय लिहिलंय ते सांगितलं. कुणीच हात लावेना.

"फाडून टाक," सासूबाई म्हणाल्या. "कुणाला कळणार आहे?"

"आई, मला कळलंय."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, कमी बोलायचा. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आपण नाही गेलो तर दुसरं कुणीतरी जाईलच की गं."

"जाईल. म्हणून नुसतं घरी बसून भागणार नाही."

"आठ वर्षं थांबलीस, आणि हातातोंडाशी आलेलं मूल घालवतेस?" सासूबाईंचा आवाज चिरकला. "लोकांना काय सांगू मी?"

"लोकांना तुम्ही आठ वर्षं सांगत आलात, की मूल नाही ती बाई अपुरी. तुम्हाला पूर्ण सून हवी म्हणून मी कुणाला अपुरी करू?"

तिचा आवाज चढला नव्हता. सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. मग नवरा उठला आणि पायात चपला सरकवत म्हणाला, "त्या भाषांतरवाल्या बाईंची खोली किती वाजेपर्यंत उघडी असते?"

भाषांतरकार बाईंनी तिथल्या न्यायालयाला पत्र लिहून दिलं. दोघांनी त्यावर सह्या केल्या, सातवं पान जोडलं आणि संध्याकाळच्या टपालाने ते रवाना केलं. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला कामावर गेली. तिला रडू आलं नाही. दुपारपर्यंत तिने दोन कवळ्या पूर्ण केल्या.

सात महिन्यांनी उत्तर आलं. चौकशी झाली होती, मुलगी आईकडे परत गेली होती. त्याच अनाथालयाच्या आणखी नऊ फाइलींत असेच कागद सापडले होते. ती नऊ मुलं मात्र केव्हाच देशोदेशी पोचली होती.

तिने खटपट करून न्यायालयामार्फत त्या नऊ घरांना पत्रं पाठवली. फार काही विचारलं नव्हतं. मुलाची आई जिवंत आहे, तिला एक फोटो पाठवाल का, एवढंच. दोन घरांनी फोटो पाठवले. सात घरं गप्प राहिली.

ती घरं दुष्टांची नाहीत. तिथे मुलांना वेळेवर जेवण मिळतं, चांगली शाळा मिळते, प्रेमही मिळतं. तिथेही कुणा बाईला वर्षानुवर्षं अपुरी म्हटलं गेलं असेल. पत्र वाचून तिने ते कपाटात खोल ठेवून दिलं असेल. तिला तसं करायला आपणच तर लावलं नाही ना, हे ज्याने त्याने आपल्या घरात बसून ठरवावं. धाकटी सून मात्र त्या सात घरांना दर वर्षी पुन्हा पत्र पाठवते.